नऊ फुटांवरची बरणी

५ सप्टेंबर, सोमवार. लेबर डे. संध्याकाळ

खणकरी मंडळाच्या शनिवारच्या सभेतल्या भाषणाची सुरुवात ठरली.

"क्विन्सीच्या खणकऱ्यांनो! जुन्या बाटल्यांसाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या संडासांत उतरून ज्यांनी आपल्या कंबरा मोडून घेतल्या, त्या माझ्या भावाबहिणींनो! आपल्याला लुटलं जातंय. आणि लुटणारा आपल्यातलाच आहे."

'लुटणारा'नंतर पाण्याचा घोट घ्यायचा. कारखान्याच्या युनियनमध्ये एकतीस वर्षं बोललोय. लोकांना श्वास कुठे रोखायला लावायचा, हे मला शिकवायला नको.

लुटणारा म्हणजे लायल टूहिग. सव्वीस वर्षांपासूनचा माझा खणण्यातला भागीदार.

आज दुपारी त्याच्याकडे जेवण होतं. बर्फ आणायला किचनमध्ये गेलो. सिंकवरच्या खिडकीत, भांड्यांच्या साबणाशेजारी, स्टाइनकँप सोडावाल्याची निळी बाटली. अशा बाटल्या अख्ख्या गावात तीन. तिच्यासाठी मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पणजोबांचे संडास उपसतोय, आणि ही इथे साबणाला सोबत करतेय.

लायलला विचारलं. म्हणाला, माळा आवरताना खोक्यात सापडली. आपणच काढली होती, गादीवाल्याच्या मागच्या खड्ड्यातून. एवढं बोलून कणसाला लोणी लावत बसला. निष्पाप माणूस इतकं व्यवस्थित लोणी लावत नाही.

मी निळी बाटली विसरेन? मला माझा प्रत्येक खड्डा आठवतो.

संकल्प: (१) आवाज चढवायचा नाही. (२) पुरावा गोळा करायचा. (३) ही वही लपवून ठेवायची. टेबलावरच्या तपकिरी बाटलीतून बायको, नॉर्मा, पेनं उचलते, तेव्हा वही तिथे नको. (बाटलीही फेकून द्यायला हवी. तोंडाचा टवका गेलाय. कुठून आली कोण जाणे, वर्षानुवर्षं पडून आहे.)

६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी लायब्ररी. आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे पाहिले. त्यांत घर, तबेला, कोंबड्यांची खुराडी, सगळं आहे. मेन स्ट्रीटमागच्या गल्लीत, एका परसाच्या कोपऱ्यात छोटा चौकोन दिसला. संडास. अंगावर काटा आला.

घर आता मिसेस जनीव्हा टॉलिव्हर यांचं. कोर्टात क्लार्क होत्या, निवृत्त. त्यांनी परवानगी दिली. अटी दोन: गुलाबांना धक्का लागता कामा नये, आणि खड्डा होता तसा बुजवून द्यायचा. बोलता बोलता म्हणाल्या की गॅरेजच्या जागी पूर्वी गादीवाल्याचं दुकान होतं. असेल. गादीवाले गावात पुष्कळ होते.

लायलची परीक्षा घ्यायला मुद्दाम फोन केला. पत्ता ऐकून म्हणाला, "अरे वेंडल, तो आपण खणलाय. सत्त्याण्णव साली. तेव्हा गल्लीतून आत शिरलो होतो, म्हणून तुला ओळखू येत नसेल."

किती तयार उत्तर. सालासकट. खरं बोलणाऱ्या माणसाला साल आठवत नाही.

आता सगळं स्पष्ट झालं. हा खड्डा त्याने माझ्यामागे एकट्याने उपसला, निळी बाटली तिथेच मिळाली, आणि मी तिकडे फिरकू नये म्हणून 'आपण खणलाय'. आमच्यात रिवाज आहे: खड्डा रिकामा केला की तळाशी बरणीत चिठ्ठी ठेवायची. नाव, तारीख, काय मिळालं ते. मागून येणाऱ्याला निदान कळावं की कंबर फुकट गेली. चोर चिठ्ठी ठेवत नाही. खड्डा उपसलेला निघाला आणि तळाशी चिठ्ठी नसली, की लायल संपला.

नॉर्माने विचारलं, "आणि असली तर?"

बायकांना तर्कशास्त्र कसं समजावायचं, हा प्रश्न मोठमोठ्या विचारवंतांनाही सुटलेला नाही.

७ सप्टेंबर, बुधवार

सळई घालून पाहिली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. शंभर वर्षं न हललेली माती अशी वागत नाही. कोणीतरी आधी उतरलंय. विटांचं गोल बांधकाम, पाच फूट रुंद. लायलने जागा चांगली निवडली होती.

आमचा दुसरा नियम: खाली माणूस असताना वर माणूस हवाच, कधीही सोडून जायचं नाही. लायलला बोलवणं शक्य नाही. नॉर्मा तयार झाली. तिच्या अटी: चारला काम बंद, बसायला उशी, आणि खालून भाषण नाही. कप्पीची तिपाई लायलच्या गॅरेजमध्ये अडकलीय, म्हणून दोरी आणि बादलीवर भागवतोय.

८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मंडळाच्या एकतीसही सभासदांना पत्रं टाकली. लायल टूहिगला काढून टाका, एवढीच मागणी. तीन पानं. लायललाही पाठवलं, कारण मी पाठीत वार करत नाही.

तीन फुटांवर बीअरच्या डब्याचं झाकण. मी पितो तीच बीअर. अर्थात लायलही तीच पितो, माझ्या कूलरमधली. पुरावा क्रमांक एक.

खापरं, राख, चेरीच्या बिया, सगळं एकात एक कालवलेलं. नॉर्मा वरून म्हणाली, लायल खरं सांगत असेल असं एकदाही वाटत नाही का? मी तिला भाषण करायचं नाही ही अट दोन्ही बाजूंना लागू असल्याची आठवण करून दिली.

९ सप्टेंबर, शुक्रवार

साडेपाच फुटांवर चामडी हातमोजा. अंगठ्याला हिरव्या दोऱ्याचा टाका. घालून पाहिला, हाताला अगदी बरोबर बसला.

नॉर्माने तो वर घेऊन बराच वेळ पाहिला. "वेंडल, हा टाका माझा आहे."

म्हणजे त्याने माझा मोजाही चोरला. उद्या प्रकरण बाहेर आलंच तर आळ माझ्यावर यावा म्हणून. इतक्या खोल पाण्यातला माणूस असेल असं वाटलं नव्हतं. हे नॉर्माला समजावून सांगितलं. ती बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि म्हणाली, चार वाजले.

पत्र पोचलं असणार. संध्याकाळी लायल आला. कप्पीची तिपाई, माझा थर्मास आणि गुडघ्याच्या गाद्या पोर्चवर ठेवल्या. बेल वाजवली नाही. मी पडद्याआडून पाहत होतो. टोपी हातात घेऊन जरा वेळ उभा राहिला, मग गेला.

टोपी काढणं ही कबुलीच असते.

१० सप्टेंबर, शनिवार. सभेनंतर

भाषण अपूर्व झालं. पाण्याच्या घोटाला पिन पडली तरी ऐकू आली असती. मी म्हणालो की विश्वास हा या मंडळाचा पाया आहे आणि आपल्या पायाखालीच कोणी खणतंय. टाळ्या नाहीत. लोक इतके हेलावले होते.

लायल शेवटच्या रांगेत होता. अध्यक्षबाईंनी पुरावा मागितला. मी जाहीर केलं: उद्या बारा वाजता सगळ्यांनी मिसेस टॉलिव्हरच्या परसात यावं. तळाशी चिठ्ठी नसेल तर तिथल्या तिथे मतदान.

अध्यक्षबाईंनी लायलला विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "चालेल."

झोप उत्तम लागणार.

११ सप्टेंबर, रविवार. दुपारी चार

सव्वीस सभासद आले. घडीच्या खुर्च्या, पोर्क सँडविच, कोणीतरी लोणच्याची काकडीही आणली होती. मी नऊ फुटांवर. तिपाईच्या दोरीवर नॉर्मा. बारा वीसला फावडं खणकन वाजलं.

बरणी. गंजलेलं झाकण. आत कागद.

मी चटकन ओळखलं. अहंकार! चोराला सही केल्याशिवाय राहवलं नाही. वर ओरडून सांगितलं, "हा चोराचा कबुलीजबाब आहे. मिसेस टॉलिव्हर, मोठ्याने वाचा, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे." बरणी बादलीतून वर गेली.

मिसेस टॉलिव्हरनी कोर्टात वाचतात तसं वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

"मागून येणाऱ्या खणकऱ्या भावा, उशीर केलास. हा खड्डा आम्ही १६ ऑगस्ट १९९७ रोजी रिकामा केला. नाणेफेक मी जिंकलो आणि पहिली निवड म्हणून कडू औषधाची तपकिरी बाटली घेतली, कारण मला बाटल्यांतलं कळतं. सोड्याची निळी लायलच्या वाट्याला गेली. बिचारा. पण तक्रार केली नाही. असा भागीदार तुलाही मिळो. वेंडल ओबरमायर."

वर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नऊ फुटांवरून आकाश ताटाएवढं दिसतं आणि त्यात एकही डोकं नव्हतं.

मी खालून म्हणालो की हस्ताक्षर तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवं.

नॉर्मा म्हणाली, "वेंडल, पुरे."

मग खुर्च्या मिटल्याचे आवाज. एकामागून एक. मोटारी सुरू झाल्या. मी तिथे बराच वेळ विटा पाहत उभा होतो. चढायला लागलो तेव्हा शिडी हलली नाही. वरून कोणीतरी धरून ठेवली होती. लायल. मी काठावर बसेपर्यंत त्याने धरली, मग सोडली आणि आपल्या ट्रककडे गेला. खाली माणूस असताना सोडून जायचं नाही, हा नियम त्याने पाळला.

मी काहीतरी बोलणार होतो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सुरुवात सुचली नाही.

१२ सप्टेंबर, सोमवार

चिठ्ठी बरणीत घालून दोरीने परत तळाशी सोडली. पुढच्या वेळी मला उपयोगी पडेल.

सकाळपासून खड्डा बुजवतोय. एकटाच. दुपारपर्यंत दीड फूट. साडेसात बाकी. मिसेस टॉलिव्हर गुलाबांजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. कॉफी दिली. कोर्टात खूप लोक पाहिलेत त्यांनी.

सभासदांसाठी नवं पत्र लिहायला घेतलं. "बंधुभगिनींनो, काळाच्या ओघात आपल्या सर्वांकडूनच विस्मरण..." नॉर्माने खांद्यावरून वाचलं आणि 'आपल्या सर्वांकडूनच' यावर काट मारली. 'माझ्याकडून' लिहिलं. तिच्या हाताने. मग एकतीस पाकिटांना तिकिटं लावायला बसली.

तपकिरी बाटली रिकामी करून धुतली. पेनं सध्या कॉफीच्या कपात आहेत. बाटलीत चिठ्ठी गुंडाळून घातली, संध्याकाळी लायलच्या पोर्चवर ठेवली. बेल वाजवली नाही. टोपी काढली होती.

चिठ्ठीचा पहिला खर्डा चार पानांचा होता. त्यात इतिहास होता, मैत्रीवर दोन परिच्छेद होते, १९९७ सालच्या प्रकाशाची परिस्थिती होती. नॉर्मा कापत गेली. शेवटी एवढंच उरलं:

"लायल, उद्या सकाळी सातला फावडं घेऊन ये."