वीतभर केस

हाटखोला, १२ अग्रहायण

चिरंजीव इद्रिसला दादीची दुवा.

तुला एक दादी आहे एवढं तरी आठवतंय ना? की नारायणगंजच्या गिरणीत कापडाबरोबर तेही धुऊन निघालं? फोन केला की "दादी, आवाज येत नाही" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागद. कागदाला ती सबब चालत नाही.

मी बरी आहे. गुडघे होते तिथेच आहेत. कोंबड्या शेजारच्या जमिलाकडे ठेवल्या आहेत. अंडी ती खाणार आणि नाव कोल्ह्याचं घेणार, हे धरून चालले आहे. वर गावाचं नाव वाचून दचकला असशील. हो, तुझ्याच सासुरवाडीला आहे, पंधरा दिवस झाले. अक्षर ओळखलंस? लग्नानंतर वर्षभर याच अक्षरातली पत्रं उशाखाली घेऊन झोपायचास. मर्जिना लिहिते आहे. मला अक्षरं येत नाहीत, शिव्या येतात. ती त्या गाळते आहे असा मला संशय आहे.

तुझा निरोप पोचला. महिनाअखेर तू पंचायतीच्या चेअरमनकडे तलाकचा कागद देणार, आणि कारण लिहिणार "कुष्ठ". वा रे डॉक्टर! दोन वर्षांपूर्वी हिच्या तळहातांवर टणक दाणे उठले, छातीवर धुळीत थेंब पडावेत तसे डाग आले, तेव्हा तू कुणाला विचारलंस? बाजारातल्या ताविजवाल्याला. त्यानं नाक दाबलं, तू हिचं ताट वेगळं केलंस, आणि आठव्या दिवशी नावेत बसवून बापाच्या दारात उतरवलंस. पोटातच गेलेली दोन लेकरंही तू हिच्याच कपाळी मारलीस. नाव उलटी फिरवताना मागं वळून बघितलं नाहीस, हे मला नावाड्यानं सांगितलं.

आता ऐक. भाद्र महिन्यात गावात तपासणीवाली बाई आली, रेबेका नावाची. म्हणाली, "दादी, मानेवरचे थोडे केस द्याल?" मला वाटलं, केसांवर भांडी देणारी फेरीवाली. म्हटलं, "आधी पातेलं दाखव. मागच्या खेपेचं गळकं निघालं." ती हसून हसून ओसरीवर बसली. मग समजावलं. पाण्यातलं आर्सेनिक पोटात गेलं की लघवीतून चार दिवसांत निघून जातं, पण केसात शिरलेलं तिथून हलत नाही. केस महिन्याला अर्धं पेर वाढतो. म्हणजे लांब केसाच्या बाईचं कुठल्या वर्षी काय पिऊन झालं, ते सगळं तिच्या वेणीत.

वेणी म्हटल्यावर मला हीच आठवली. कमरेखाली जाते हिची वेणी, तूच मापायचास. मी रेबेकाला ओढत इथं आणलं. तिनं हिच्या मानेपाशी कातडीलगत एक बट कापली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला आणि पुडीत घालून ढाक्याला धाडली. दीड महिन्यानं कागद आला.

मुळापासून वीतभर आणि वर चार बोटं केस जवळजवळ स्वच्छ. त्याच्या खाली, शेवटच्या टोकापर्यंत, विष.

वीतभर आणि चार बोटं म्हणजे किती महिने, तूच मोज. हिच्या भावानं शंका काढली, "डोकं धुताना लागलं असेल." मी म्हटलं, "बाबा रे, डोकं आम्ही तळ्यावर धुतो. हापशाचं पाणी प्यायला आणि भाताला." बापाचं पाणी पिऊन ही स्वच्छ झाली. विष प्यायली ती तुझ्या घरात, माझ्या हापशाचं. माझ्याही केसात निघालं, हिच्या दुप्पट. तळपायांना दाणे आहेत माझ्या, मी ते कुणाला दाखवले नाहीत. तूही त्याच पाण्यावर वाढलास. स्वतःचे तळहात उजेडात धर, मग लोकांना कुष्ठ लाव.

पुढचं हिलाही माहीत नाही. लिही गं, माझ्याकडे बघू नकोस.

तुझ्या लग्नाआधी सरकारची माणसं आली होती. हापशाचं पाणी बाटलीत घालून बघितलं आणि तोंडाला लाल रंग फासून गेली. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे खुशाल प्या. मला ते कळलं होतं. पण दहा दिवसांनी हिचा बाप घर बघायला येणार होता. लाल हापशाच्या घरात मुलगी कोण देतो? नावेला लावून उरलेला हिरवा रंग होता. पहाटे मीच फासला. हिच्या बापानं येऊन आधी हापसाच बघितला, म्हणाला, "शुकर, पाणी चांगलं आहे." मी त्याला ग्लास भरून दिला. तुझ्या आजोबांनी बसवलेल्या हापशाचं पाणी वाईट असेल, हे मला तेव्हा मानायचंच नव्हतं. तू ताट वेगळं केलंस तेव्हाही मला तो रंग आठवला. मी तोंड उघडलं नाही.

इथं हिनं लेखणी ठेवली आणि उठून गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं परत येऊन बसली. "पुढे सांगा," म्हणाली. मला "दादी" म्हणाली नाही.

तुला शिव्या द्यायला बसले होते, अर्ध्या मलाच लागल्या. लागू देत. पण तुझ्या वाटच्या तू घे.

मी हिला विचारलं, "तुला काय हवं ते सांग, तसं लिहू." म्हणाली, "मला तो हवा की नको ते मी बघेन. पण कुष्ठ हा शब्द मला नको. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय." हे तिचं वाक्य तिच्याच अक्षरात आहे, नीट वाच.

तर, चेअरमनकडे कागद देऊ नकोस. इकडे यायच्या आदल्या दिवशी मी हापसा पुन्हा लाल केला, माझ्या हातांनी, जमिलाच्या देखत. खाली अंगठा उठवला आहे तो शाईचा नाही, त्याच रंगाचा आहे.

तुझी दादी, शाहेरा बिबी

आणि एक रोहू पाठव, लग्नात पाठवला होतास तसा, डोक्यासकट, कपाळाला शेंदूर नि गळ्यात माळ घालून. मासा सकाळच्या लाँचनं येऊ दे, म्हणजे घाटावरून इथंवर सगळं गाव बघेल. नदीकाठच्या गावाला शहरातून मासा येतो म्हणून लोक हसतील, हसू देत. मानाचं डोकं मर्जिनाच्या ताटात वाढायचं आहे, आणि त्याच ताटात मी जेवणार आहे. बर्फ भरपूर घाल.