एकशे चाळीस डिग्री

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार

आहेर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. यापुढे कांदा सुकवायच्या ड्रायरची आच कॉम्प्युटर सांभाळणार. प्रोग्रॅम दोघांनी लिहायचा, मी आणि गोरक्ष गांगुर्डे. २५ तारखेला मुंबईचे खरेदीदार बघायला येणार. त्यानंतर दोघांपैकी एकाला कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख, ईडीपी ऑफिसर, करणार. म्हणजे मलाच. गांगुर्डे नांदगावचा, जे शिकला ते पुस्तक वाचून. माझा पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स झालेला आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय.

संकल्प: प्रोग्रॅम लिहायची सी भाषा आठ दिवसांत संपवणे. गांगुर्डेशी सौजन्याने वागणे. बिचाऱ्याला पुढे माझ्याच हाताखाली दिवस काढायचेत.

सौ.ला बातमी सांगितली. तिने विचारलं, झालात की होणार? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

६ फेब्रुवारी

सीचं पुस्तक पान ४१ पर्यंत झालं. पुढचं साधारण असंच असणार. संपवलं असं धरून चालतो.

९ फेब्रुवारी, मंगळवार

गांगुर्डेने तासभर डोकं खाल्लं. आपला ड्रायर जुना, विलायती. त्याचा काटा फॅरनहाइटमध्ये. त्यामुळे अख्खा कारखाना वीस वर्षं फॅरनहाइटमध्येच बोलतो. कांद्याचे काप एकशे चाळीसवर, लसूण त्याच्या खाली. ऑपरेटर सहादूने दिलेली यादी तीच. पण नवा सेन्सर आणि बर्नर चालवणारं कार्ड दोन्ही सेल्सिअसवाले. त्यांच्या भाषेत कांदा साठवर. म्हणून गांगुर्डेने प्रोग्रॅममध्ये आकड्यांचे दोन वेगळे टाइप, म्हणजे प्रकार, ठेवलेत, एक फॅरनहाइटचा, एक सेल्सिअसचा. एकाच्या जागी दुसरा दिला की लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत आणणारा कंपाइलर प्रोग्रॅम बनवतच नाही, ओळ नंबर दाखवून अडून बसतो. म्हणे, चूक ड्रायरवर कळण्याआधी टेबलावर कळलेली बरी.

मी विचारलं, मुळात चूक करायचीच कशाला? तो पुन्हा की-बोर्डकडे वळला. खेड्यातली माणसं फार घाबरट असतात.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४

माझा भाग लिहून झाला. कंपाइल केला. १७ एरर. सगळीकडे तेच, टाइप मिसमॅच, म्हणजे एका टाइपच्या जागी दुसरा. पहिली ओळ ८४, जिथे मी बर्नरला १४० पाठवलेत. का रे बाबा? १४० हा आकडा आहे, तो काय केळ आहे? कारकुनासारखा अडवतो. साहेब सही करून मोकळे झाले तरी याला फॉर्मवर तारीख हवी.

१३ फेब्रुवारी

चार एरर दुरुस्त केले. आता २३. इथे सातपूरला व्होल्टेज कधी धड नसतं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

गांगुर्डे चुलतभावाच्या लग्नाला नांदगावला गेला. ऐन महत्त्वाच्या आठवड्यात. याला म्हणतात जबाबदारी.

एकांतात शांत विचार केला आणि मूळ दुखणं सापडलं. दुखणं त्याचे ते दोन टाइप. काढून टाकले. सगळे आकडे साधे डबल, म्हणजे नुसते दशांश आकडे, फॅरनहाइट-सेल्सिअस भेद नाही. मध्ये फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारं एक फंक्शन लोंबकळत होतं, ते आता कुठेच बसेना, तेही उडवलं. वॉर्निंग बंद केल्या. कंपाइल. एरर शून्य.

दहा मिनिटांचं काम. या माणसाने दोन आठवडे घालवले होते.

१८ फेब्रुवारी

गांगुर्डे परतला, फाइल उघडली, पांढरा पडला. म्हणाला, निकुंभसाहेब, कंपाइलर ओरडत होता ते बरोबर ओरडत होता, तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. मी म्हटलं, तोंड बांधल्यावर शांतता होते की नाही? तो थेट आहेर साहेबांकडे गेला. मीही गेलो. साहेबांनी विचारलं, कोणाचे एरर किती? मी सांगितलं, त्याचे टाइप असताना तेवीस, माझे शून्य. साहेब म्हणाले, मग शून्यवाला चालवा.

गांगुर्डेने हट्ट धरला की २५ च्या आधी एकदा तरी खरा कांदा घालून बघू. मी सांगितलं, गरज नाही, कंपाइलरने पास केलाय. कंपाइलरवर थोडा विश्वास ठेवायला शिकावं माणसाने.

२२ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी २

सहादू कॉम्प्युटर रूमच्या दारात. आत घेतला नाही. इथे साहेबसुद्धा चपला बाहेर काढून येतात आणि याच्या पायाला कायम कांद्याची टरफलं. दारातूनच म्हणाला, सायेब, मशीन बंद असलं तरी दुपारी आमचा काटा ऐंशी-ब्याऐंशी दाखवतो. तुमच्या टीव्हीवर अठ्ठावीस हाय. कायतरी लय गडबड वाटती.

समजावलं की टीव्ही नाही, मॉनिटर. आणि सेन्सर नवा आहे, रुळायला वेळ लागतो. खाली १४० सेट केलेला दाखवला. तो आकडा बघून जरा निवला. त्याच्या यादीतलाच ना तो.

ऑफिसरला अशा लोकांना धीराने घ्यावं लागतं. आत्तापासून सवय करतोय.

२५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ६.३०

इस्त्रीचा सफारी. सौ.ने दही दिलं. मनमाडला सासऱ्यांना काल पत्र टाकलंय, ऑफिसर झालो म्हणून. पोचेपर्यंत खरं होईलच.

तोच दिवस, संध्याकाळी ६

लिहायची इच्छा नाही. तरी नोंद पाहिजे.

अकराला बर्नर सुरू. स्क्रीनवरचा आकडा चढत चालला, ४०, ६०, ८०. खरेदीदार खूश, मीही. ११० झाले तेव्हा सहादू ओरडला, सायेब, काटा सवादोनशेच्या वर गेला, बंद करू का? मी म्हटलं, हात लावू नको, स्क्रीनवर अजून एकशे चाळीस व्हायचेत. त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं.

मग धूर. मग तो वास. तीन ट्रे कांदा कोळसा. खरेदीदारांनी नाकाला रुमाल लावले आणि गाडीत जाऊन बसले. अखेर सहादूने मला बाजूला ढकलून बर्नर बंद केला. ढकललं हे लक्षात ठेवलंय.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

आहेर साहेबांनी लेखी खुलासा मागितला. चार पानं लिहिला. कारणं: व्होल्टेज. नवा सेन्सर. ओला कांदा. आणि सर्वात मुख्य, ऑपरेटरने बर्नर वेळेवर बंद केला नाही. हे शब्दशः खरं आहे. वेळेवर केला नाहीच.

दुपारी सहादूला घरी बसवलं. सोमवारी चौकशी, त्यात ठरवणार ठेवायचा की काढायचा. वाईट वाटलं. पण तंत्रज्ञान बदलतं तेव्हा जुने लोक गळतातच. गेटवर तो माझी वाट बघत उभा होता. मी मागच्या दाराने गेलो, तिकडून स्टँड जवळ पडतो.

२८ फेब्रुवारी, रविवार

सौ.ने विचारलं, तो सहादू बंद करू का म्हणाला होता ना? हिला कोणी सांगितलं? मीच सांगितलं होतं, गुरुवारी, घरी आल्या आल्या. घरात तोंड जपून उघडायला हवं.

२९ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी ५

चौकशी कॉम्प्युटर रूममध्ये झाली. आहेर साहेब, गांगुर्डे, सहादू आणि मी. साहेबांनीच सहादूला आत बोलावून खुर्ची दिली. तो बसला नाही. माझा खुलासा वाचण्यात आला. वाचताना फार लांब वाटला.

गांगुर्डे माझ्याविरुद्ध काही बोलेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. तो सरळ खुर्चीवर बसला, ते दोन टाइप आणि मधलं फंक्शन परत जागेवर घातलं, बाकी माझ्या एका ओळीला हात लावला नाही, आणि कंपाइल केलं. ओळ ८४. टाइप मिसमॅच. चहाचा घोटसुद्धा घेऊन झाला नव्हता.

सहादूला इंग्रजी येत नाही. त्याने विचारलं, काय म्हणतंय ते? गांगुर्डे सांगायला लागला तर साहेबांनी हात वर केला. म्हणाले, निकुंभ, तुम्ही वाचा. मराठीत, त्याला कळेल असं.

मी वाचलं. इथे बर्नरला सेल्सिअस द्यायचं होतं, फॅरनहाइटचे एकशे चाळीस दिलेत. बर्नर ते सेल्सिअस समजणार, म्हणजे तुमच्या काट्यावर जवळजवळ तीनशे.

सहादूने स्क्रीनकडे बोट केलं. मग म्हणाला, म्हंजे ह्याला आधीच ठावं होतं. मी हो म्हटलं. त्याने विचारलं, ही ओळ कोणी लिहिली, सायेब?

व्होल्टेज आठवलं. सेन्सर आठवला. पुण्याचा कोर्ससुद्धा आठवला. कशाचाच उपयोग दिसेना.

मी म्हटलं, मी.

वाटलं आता हा चारचौघांत शिव्या देणार. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आहेर साहेबांना विचारलं, मग मी उद्यापासून कामावर येऊ का?

मला लाज वाटली. याआधी कधी वाटली होती आठवत नाही. साहेब हो म्हणाले, तो नमस्कार करून गेला. मग साहेबांनी माझ्यासमोरच गांगुर्डेचा हात हातात घेतला आणि त्याच्या ऑफिसरपदाची ऑर्डर टाइप करायला पाठवली.

सासऱ्यांचं उत्तर आज आलंय, अभिनंदनाचं. सौ.ने अजून फोडलेलं नाही. म्हणते, तुमच्या नावाने आहे, तुम्हीच वाचा.