सायलेन्सरचं गाऱ्हाणं

डिचोली,
सोमवार, १४ जुलै

चि. अविनाश यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (तू अवर सचिव झाल्यापासून पाकिटावर मी 'श्रीयुत' लिहिते, आत लिहिणार नाही. आत तू अजून परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारा मुलगाच आहेस.) तुझ्या वर्षाची कंबर कशी आहे? डॉक्टर बदलण्याआधी गादी बदल म्हणावं तिला. तुझा रक्तदाब मला फोनवर सांगू नकोस, फोनवर तू नेहमी दहाने कमी सांगतोस. आम्ही ठीक आहोत. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र इतकं सावकाश वाचतात की आमच्या घरात अजून शनिवारच चालू आहे.

पत्राला कारण माझा धाकटा दीर जयवंत. वीस वर्षं तो इथल्या औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या सायलेन्सरचे पाईप बनवतो, हे तुला ठाऊक आहे. मोटारी खपत होत्या तेव्हा त्याचं ठाम मत होतं की सरकारने धंद्यात नाक खुपसू नये. हे मत त्याने माझ्या टेबलावर, माझ्या हातचं माशाचं हुमण जेवत, इतक्या वेळा मांडलं की मला हुमण करणं नकोसं झालं. आता विजेच्या मोटारी आल्या. त्यांना धूर नाही, आवाज नाही, त्यामुळे सायलेन्सरही नाही. पुण्याच्या कंपनीने कळवलं, चतुर्थीनंतर माल पाठवू नका. त्या दिवसापासून सरकार मायबाप झालं! "वैनी, मोटार उद्योग म्हणजे देशाचा कणा. तो सरकारने नको सांभाळायला?" मी म्हटलं, "वीस वर्षं कणा तुझा होता, मोडल्यावर देशाचा कधीपासून झाला?" तोंडात बांगड्याचा काटा होता, नाहीतर बोलला असता.

जयवंतला वाचवणं हे सरकारचं काम नव्हे. त्याचा म्हापशाला फ्लॅट आहे. पण कारखान्यात अडतीस माणसं आहेत, त्यातली निम्मी गडहिंग्लज आणि खानापूरकडची, बायकामुलांसकट इथे खोल्या घेऊन राहणारी. कारखाना यावा म्हणून सरकारने सवलत दिली, आता विजेची गाडी यावी म्हणूनही देतं. या दोन सवलतींच्या मधल्या फटीत ही अडतीस माणसं उभी आहेत, त्यांच्याकडे कुणी बघायचं? म्हणून अर्ज मी लिहिला. भीक मागितली नाही, काम मागितलं. पाईप वाकवता येणाऱ्या, जोडता येणाऱ्या माणसांना सरकारी शाळांचे बाक बनवायला द्या, एवढंच. (अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. नव्या बाकांसाठी सात अर्ज केले. बाक आले नाहीत; मोडक्या बाकांची मोजणी करायला दोनदा माणूस आला.)

अर्ज दीड पानी होता, एक शब्द जास्त नव्हता. तो मंत्र्यांना द्यायचा, ते वसाहतीच्या सभागृहात दहा मिनिटं भेटणार, असं ठरलं. आणि इथे शंभू मधे पडला. शंभू म्हणजे कारखान्याचा फोरमन, पेडण्याकडचा. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. (पर्वरीच्या कचेरीत बसून तू विसरला असशील: देवापुढे नारळ ठेवून एकाने अडचण मांडायची आणि तो श्वास घ्यायला थांबला की जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.) तो म्हणाला, "बाय, तुमचो अर्ज बरो आसा, पण वाचतलो कोण? फायलीत जातलो. गाऱ्हाणा घातला तर आयकूक तरी लागतला." जयवंतला ते पटलं. जे मला पटत नाही ते त्याला लगेच पटतं.

तर मंत्रिमहोदय आले, पाऊण तास उशिरा. शंभूने टेबलावर नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. बा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इलीत... "व्हय म्हाराजा!" कारखान्यावर जा संकट इला हा, ता दूर कर... "व्हय म्हाराजा!" अडतीस गळे, वर पत्र्याचं छप्पर. घाटावरची माणसंसुद्धा मागे नव्हती, दर वर्षी शंभूबरोबर जत्रेला जाऊन तयार झालेली आहेत. खरं सांगायचं तर सभागृह भारून गेलं होतं. मंत्री तर फारच खूश दिसले. निवडून आल्यापासून त्यांना इतक्या एकदिलाने कुणी महाराज म्हटलं नसावं.

मग ते उत्तराला उभे राहिले. पुढाऱ्यांची बोलण्याची पद्धत तुला माहीत आहे, एक वाक्य झालं की टाळ्यांसाठी थांबायचं. ते म्हणाले, काळ बदलला आहे. आणि थांबले. "व्हय म्हाराजा!" प्रत्येक उद्योगाने आपल्या पायावर उभं राहायला हवं. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांना वाचवणं सरकारला शक्य नाही. "व्हय म्हाराजा!" जयवंत मागून दोन्ही हात हलवत होता. लोकांना वाटलं, जयवंतबाब आणखी मोठ्याने म्हणायला सांगतात. म्हणून शेवटी, तुम्ही सरकारकडे कामाची अपेक्षा न ठेवता स्वतः नवा मार्ग शोधाल, अशी मी खात्री बाळगू ना, या प्रश्नाला जो होकार गेला, तो बाहेर पावाच्या सायकलवाल्या पोदेराने ऐकला आणि काय जिंकलं म्हणून विचारायला आत आला.

मंत्र्यांनी नारळ उचलून गाडीत ठेवला (गाडी विजेची होती, गेलेली कळलीसुद्धा नाही) आणि निघाले. माझा अर्ज टेबलावरच राहिला. शंभू घाम पुसत मला विचारतो, "बाय, कसा झाला?" मी म्हटलं, "उत्तम झालं. बंद पडायला तुम्ही एकमुखाने संमती दिलीत." बिचारा मटकन बाकावर बसला. बाकाचा एक पाय मोडका होता, त्यामुळे नंतर जमिनीवर.

असो. प्रकृतीला जप, मीठ कमी खा.

तुझी,
विनोदिनीताई

ता. क. : त्या भेटीचं इतिवृत्त गुरुवारी सहीला जाण्याआधी तुझ्याच टेबलावर येणार असल्याचं कळलं. 'शिष्टमंडळाने सरकारी मदतीची आवश्यकता नसल्याचे एकमताने मान्य केले' असा मजकूर त्यात आहे. तू नोकरीला लागलास तेव्हा नातेवाइकांसाठी कागदाला हात लावायचा नाही, अशी शपथ मीच तुला घातली होती. ती शपथ योग्यच होती. गुरुवारपर्यंत ती बाजूला ठेव. 'एकमताने मान्य केले' ते काढ, 'शांतपणे ऐकून घेतले' असं लिही, आणि सोबतचा माझा अर्ज परिशिष्ट म्हणून जोड.

ता. क. २ : 'शांतपणे' काढून टाक, फक्त 'ऐकून घेतले' लिही. खोटं नको. आणि शंभूला दोष देणारं तू काही लिहू नकोस. शेवटच्या प्रश्नाला पहिल्या रांगेतून जो बायकी आवाज सर्वांत आधी गेला, तो माझा होता. तोंडातून निघून गेलं.

ता. क. ३ : आमच्या मागच्या खोलीत राहणारी गंगा रोज विचारते, मुलीचं नाव इथल्या शाळेत ठेवू की काढून गडहिंग्लजला नेऊ? नवरा वेल्डर आहे तिचा. मी तिला ठामपणे सांगून टाकलं, ठेव. आता मी खोटी पडणं मला चालणार नाही, तेव्हा उद्या कचेरीला लवकर जा.