कोपीतल्या शाळेचं सांगायचं राहिलं

बाई, तुम्ही गेलात त्या वर्षीही दिवाळी सरताच पाथर्डीकडच्या आपल्या गावात ऊसतोडीचे ट्रक लागले, आणि आपले सगळे सहकारी माझ्या तोंडाकडे बघू लागले. तुम्ही उभी केलेली संस्था म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्यांचं वसतिगृह, तोडीला गेलेल्यांची मागे राहणारी मुलं, आणि आता मी. चौथीतली आपली सगळ्यात हुशार मुलगी ट्रकमध्ये चढून बसली होती, कडेवर धाकटा भाऊ. "हिला ठेवा की आमच्याकडे," मी तिच्या आईला म्हणाले. "ठिवते की, ताई. पन बारक्याला कोन बघंल? आमी दोघं बी दिवसभर उसाच्या फडात." ट्रक निघून गेला.

मी नवी होते तेव्हा अशाच एका मुलीच्या बापाशी भांडून तुमच्या स्वयंपाकघरात आले होते. तुम्ही भाकरी थापताय, वर न बघता विचारताय, "पोरगी शाळेत का येत नाही, हे विचारून आलीस. ती नसली तर घरात कुणाचं अडतं, ते विचारलंस का?" मला तेव्हा राग आला होता. ट्रक गेल्यावर मात्र तेच आठवलं, आणि वसतिगृह सहकाऱ्यांवर सोपवून मी संगमनेरच्या बाजूला, तोडकऱ्यांची ही टोळी उतरली होती तिथे गेले. टोळीचा मुकादम म्हणाला, "शाळा करा, पन कामाचा खोळंबा न्हाई पायजे." उसाच्या पाचटाची एक रिकामी झोपडी, कोपी म्हणतात ती, मिळाली. आत लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, तळावरच्या एका म्हातारीला बाळांजवळ बसवलं आणि त्यांच्या बहिणींना शेजारीच शिकवायला घेतलं. देणगीदार चिडले. आम्ही शाळेला मदत करतो, पाळणाघराला नाही, म्हणाले. झोळ्या सोडल्या तर शाळाही उठेल, एवढंच मी सांगितलं. त्यांनी हात आखडता घेतला, पण कोपी चालली. ती मुलगी एका हाताने झोळी हलवत मोठ्याने धडा वाचायची आणि फडातून आलेली तिची आई दारातच उभी राहून ऐकायची. मुलगी चौथी पास झाली. पुढची दोन वर्षंही तिथेच शिकली.

सातवीत जायच्या आधी तिचं लग्न ठरलं. मी तिच्या घरी गेले, पुन्हा पुन्हा गेले. बाप हात जोडून म्हणाला, "ताई, पोर मोठी झाली. कोपीला दार न्हाई, आमी फडात. तिच्यावर नजर कोन ठिवनार? लई घोर लागतो वो." कुणाचं काय अडतंय ते या वेळी मी विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं. पण आपल्या पत्र्याच्या खोल्यांनाही कडी नव्हती, माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. लग्न झालं. पुढच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर दुसऱ्याच कारखान्यावर गेली.

त्यानंतर आम्ही मोठ्या मुलींसाठी दाराला कडी असलेलं वसतिगृह बांधलं. त्यात राहून कितीजणी दहावी झाल्या. सभांमधून मी त्यांच्याबद्दल बोलते. त्या मुलीबद्दल कुणी विचारलंच तर म्हणते, बाई असत्या तरी ते लग्न थांबलं नसतं. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा, बाई? म्हणून इथेच लिहून ठेवते: मी तसं म्हणते खरी, पण मला ते पटलेलं नाही.