चार स्प्रिंगा आणि एक खड्डा

६ मार्च, गुरुवार

गाडीचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले. संपलेच. दवाखान्यापासून घरापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर, आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं मागचं अंग तीन-तीनदा खालीवर. ही मागच्या सीटवर पाय लांब करून, दोन्ही हात पोटाखाली. आरशात मला तिचे हातच दिसत होते.

"दुखलं का?"

"नाही."

"आता?"

"अरे, तू रस्त्याकडे बघ ना."

बाळ ठीक आहे. आज बावीस आठवडे पुरे झाले. मागच्या वेळी एकविसाव्यातच सगळं आटोपलं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चौदाव्या आठवड्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. टाका टिकला की बाळ टिकलं. आणि टाका टिकायचा तर गाडी उडता कामा नये. हे दुसरं वाक्य डॉक्टरीणबाईंचं नाही, माझं आहे.

७ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींकडे गेलो. ते आधी बोलत नाहीत. गाडीचे चारही कोपरे एकेक करून दाबतात, हात सोडतात, गाडी कशी वर येते ते बघतात. मागचा कोपरा दाबला तर गाडी डुलतच राहिली.

"स्प्रिंगा बसल्यात तुमच्या. नुसते शॉक बदलून काय होणार?"

बसतील नाही तर काय. दुकानांचे, गोदामांचे वजनकाटे तपासायचं माझं काम, म्हणजे वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं कायम गाडीत. त्यासाठीच तर स्टेशन वॅगन घेतली होती. आठ वर्षं दोनशे किलो पाठीवर घेऊन फिरतेय बिचारी.

मिस्त्री म्हणाले, कॉइलओव्हर घाला. म्हणजे स्प्रिंग शॉकच्या अंगावरच चढवलेली असते. शॉकला आटे असतात, त्यावरची चक्ती फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त. वर एक बटण असतं, ते फिरवलं की शॉक मऊ किंवा कडक. माझ्या गाडीला पुढे असा जोड बसेल, मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा, पण दोन्ही फिरवता येणारे.

फिरवता येणारे! मी तिथेच विरघळलो. कामाच्या दिवशी कडक, दवाखान्याच्या दिवशी मऊ. असं काही असतं आणि मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

मेहुणा आला होता. त्याला विचारायला नको होतं. त्याची स्वतःची गाडी इतकी खाली आहे की गल्लीतलं मांजरही तिच्याखाली शिरताना विचार करतं.

"दाजी, दोन इंच खाली घ्या. वॅगन खाली आली की काय दिसते सांगू!"

"मला दिसायला नकोय. मला तुझ्या बहिणीला धक्का लागायला नकोय."

मग जरा वरमला. म्हणाला, "मग मला का विचारता? मी तर धक्के खायलाच गाडी घेतलीय."

हिने आतून हसू दाबलं ते मला ऐकू आलं. खूप दिवसांनी.

१२ मार्च, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत सात कंपन्यांची माहिती वाचली. सगळ्यांत वळणांवर गाडी कशी चिकटते तेच. मागे झोपलेल्या माणसाबद्दल एक ओळ नाही.

१६ मार्च, रविवार

लिहूनच टाकतो. कागदाला तरी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, दगडखाणीच्या वळणावर. मी ट्रकला ओलांडायला बाहेर काढली आणि पुढे खड्डा. दिसला होता. ब्रेक मारला असता तर मागून येणारा दुसरा ट्रक अंगावर आला असता, म्हणून मारला नाही. पुढचं चाक गेलं, मग मागचं. मागचं जास्त जोरात, वजनं होती ना. ही "आई गं" म्हणाली. तेवढंच. त्याच रात्री दवाखाना, आणि सकाळी सगळं संपलेलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ना डॉक्टरीणबाईंना, ना हिला. हिनेही कधी विषय काढला नाही. तिला माहीत असणारच. ती होती गाडीत. माझी कीव येते म्हणून बोलत नसावी.

१८ मार्च, मंगळवार

मिस्त्रींकडे एक गाडी आली होती, कॉइलओव्हर बसवलेली. मालक भला माणूस, म्हणाला, या एक चक्कर मारून. मी मागच्या सीटवर बसलो. रेल्वे फाटक ओलांडलं आणि दात वाजले.

बटण अगदी मऊच्या टोकाला होतं, तरी असं.

मिस्त्रींनी समजावलं. बटणाने फक्त शॉक मऊ होतो. स्प्रिंग मऊ होत नाही, ती जशी आहे तशीच राहते. बाजारातल्या बहुतेक जोडांना स्प्रिंग कडकच येते, कारण घेणाऱ्याला गाडी खाली हवी असते. गाडी खाली घेतली की चाकाला वर यायला जागा उरत नाही, आणि मग खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं.

"मग मऊ स्प्रिंग घालू."

"घाला. पण त्यावर दोनशे किलो टाकलेत की ती तिथेच बसेल. कडक घातलीत तर वजनं उतरवल्यावर गाडी उड्या मारेल. तुम्हाला एका गाडीत दोन गाड्या हव्यात, साहेब. कुणासाठी घ्यायची ते आधी ठरवा."

घरी येईपर्यंत तोंडात तेच वाक्य. कुणासाठी ते ठरवा. यात ठरवायचं काय आहे? पण वजनं नाहीत तर मी कामावर करू काय?

२० मार्च, गुरुवार

चोवीस आठवडे. टाका जागेवर. डॉक्टरीणबाईंना विचारलंच. मऊ स्प्रिंग बरी की मध्यम? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पोटातलं बाळ पाण्यात असतं. तुमच्या गाडीपेक्षा चांगली सोय आहे त्याची."

"पण टाका?"

"गाडीच्या धक्क्याने टाका सुटत नाही. यांना पाठीला त्रास होतो, त्यासाठी बदलायचं तर जरूर बदला. आणि तुमच्या मनासाठी बदलायचं असेल तरी बदला. तेही औषधच."

ही जमिनीकडे बघत होती. हसत होती की रडत, मला कळलं नाही.

२२ मार्च, शनिवार

साहेबांशी बोललो. नीट बोलता आलंच नाही. स्प्रिंग, कडकपणा, उंची असं काहीबाही सांगत बसलो. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "कितवा महिना?"

सहावा, म्हणालो.

"वजनं आपल्या पिकअपमध्ये टाका. बाळंतपण होईपर्यंत गोदामांच्या तारखा एकत्र लावू, पिकअप तिथे येईल. तुमच्या गाडीत फक्त पेटी आणि सीलचं सामान." पुन्हा कागदात डोकं घातलं आणि खालूनच म्हणाले, "हे आधी विचारायचं असतं."

बाहेर येऊन जिन्यात दोन मिनिटं उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर गाडी हलकी असती त्या दिवशी.

२४ मार्च, सोमवार

ठरलं. मिस्त्रींनी फोनवरून वेगळ्या स्प्रिंगा मागवल्या, कंपनी देते त्यापेक्षा बऱ्याच मऊ. उंची मूळची होती तेवढीच, एक बोटही खाली नाही. विकणारा पोरगेलासा होता. "काका, मग कॉइलओव्हर कशाला घेताय?" असं तीनदा विचारत होता. मिस्त्रींनी फोन हातात घेतला. "त्यांना माहितीये कशाला ते. तू पाठव."

२ एप्रिल, बुधवार

बसवले. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत तिथेच ठाण मांडून. जुन्या स्प्रिंगा बाहेर काढल्या तर एकीचं खालचं वेटोळं मोडलेलं. तुकडा मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवला.

मग ते चालवायला बसले आणि मी मागे, हिच्या जागी, तिच्यासारखाच पाय लांब करून. पोटावर उशी बांधली होती. मिस्त्रींनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. खाणीच्या रस्त्याला चार चकरा. दर चकरेनंतर थांबून बटण फिरवायचं; बटणाचा एक खटका म्हणजे एक घर. अगदी मऊ ठेवलं तर गाडी होडीसारखी डुलते. कडककडे सहा घरं नेलं तर पाठीत लागतं. चौथं घर बरोबर. चाक खाली जातं, वर येतं, आणि तिथेच थांबतं. डुलत नाही.

वळणावरचा खड्डा कुणीतरी कधीच बुजवलाय. मला आज कळलं. दोन वर्षं मी तिथून मान वळवून जातो.

३ एप्रिल, गुरुवार

आज सगळं लिहितो.

सव्वीस आठवडे. टाका ठीक. येताना मी दर गतिरोधकानंतर मागे बघत होतो. बरं वाटतं का? पाठीला लागलं का? आता? शेवटी ती म्हणाली, "गाडी बाजूला घे."

घेतली. एका बंद गोदामाच्या फाटकासमोर.

"महिनाभर तू गाडीला विचारतोयस तिला कसं वाटतं. मिस्त्रींना विचारलंस, माझ्या भावाला विचारलंस, डॉक्टरांना विचारलंस. काय झालंय तुला?"

मी समोर बघूनच बोललो. वळण, ट्रक, दिसलेला खड्डा, न मारलेला ब्रेक, वजनं. सगळं. बोलून झालं तरी स्टीअरिंग सोडवेना.

मग ती म्हणाली, "कुठला खड्डा?"

"वळणावरचा. तू आई गं म्हणालीस."

"मला खड्डा आठवतच नाही रे."

मी मागे वळलो. ती माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होती. तिने सांगितलं. आदल्या दिवशी सकाळपासून कंबर भरून आली होती. खाली ओढल्यासारखं होत होतं. तिला वाटलं होतं काहीतरी बिघडतंय. पण माझं त्या आठवड्यात मोठं काम होतं, तिच्या आईने "असं होतंच" म्हटलं होतं, आणि उगाच कांगावा नको म्हणून ती गप्प बसली. पूर्ण दीड दिवस. नंतर डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला सांगितलं होतं, पिशवीचं तोंड आधीच उघडलेलं होतं, एखाद-दोन दिवस तरी.

"मला वाटायचं तुला कळलं असणार, मी लपवलं ते," ती म्हणाली. "म्हणून तू त्याबद्दल बोलत नाहीस."

म्हणजे दोन वर्षं एकाच घरात, एकाच ताटलीतला शेवटचा घास एकमेकांना देत, दोघंही स्वतःला गुन्हेगार धरून बसलो होतो. आणि दुसरा आपल्याला सांभाळून घेतोय असं समजत होतो.

मी मागे जाऊन तिच्या पायाशी बसलो. जागा जेमतेम. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसाने वाकून बघितलं. बघू दे. घरी यायला जरा उशीरच झाला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज ती सकाळीच म्हणाली, "डाव्या कुशीला जड वाटतंय." डॉक्टरांना फोन केला. झोपून राहायला सांगितलं, तासाभरात गेलं. काही नव्हतं. पण तिने सांगितलं.

२० एप्रिल, रविवार

डॉक्टरांनी थोडं फिरायला परवानगी दिली. तलावापर्यंत गेलो. जाताना हिने मध्येच हुकूम सोडला, "एक घर कडक कर, मला डुलल्यासारखं होतंय." उतरलो, मागची झाकणं उघडून एकेक घर फिरवलं. माझा चौथ्या घराचा शोध बाद. पाचवं घर तिचं. तिच्याच पाठीचा प्रश्न, तिलाच पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

मेहुणाही होता. येताना मागे बसून गाढ झोपला.

१९ मे, सोमवार

तेहतीस आठवडे होत आले. रस्त्याबद्दल लिहायला काही नाही.

४ जून, बुधवार

सकाळी सहाला हिचं पाणी गेलं. महिनाभर आधी. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. लहान आहे, पण श्वास तिचा ती घेतेय. ही बरी आहे, झोपलीय. नर्सने मुलगी माझ्या हातात दिली. म्हणाली, बोला तिच्याशी, आवाज ओळखते ती. मी "नमस्कार" म्हणालो.