काळ्या रंगाखालचा जोड

रविवार, संध्याकाळ

राग उतरतच नाही. आम्ही भावंडं घरच्या अंगणात जी गाडी बांधतोय, तिचा स्टिअरिंगचा दांडा लांब पडत होता. तो कापायचा आणि जोडावर पोलादी नळी चढवून पक्का करायचा, असं दादाचं नि माझं ठरलं होतं. आज बाहेर येऊन बघते तर दांडा बसवूनसुद्धा झालेला. वर चकचकीत काळा रंग. एवढा रंग कशाला? नखाने खरवडला, तर खाली वेल्डिंगची एक बारीक रेघ. बस.

"दादा, नळी काहून नाही चढवली?"

"काही होत नाही वं. बाबाले चक्कर मारून आणतो ना आता."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसलेही होते! वळणावर जोड सुटला असता तर? आणि तो काळा रंग... म्हणजे जोड कच्चा आहे, हे याला ठाऊक होतं. ठाऊक असून बाबांना बसवलं!

बाबांना उतरवलं. दांडा काढून शिकंज्यात आवळला आणि हातोडा घातला. दुसऱ्याच घावाला दोन तुकडे.

दादाचा चेहरा पांढराफटक. तुकडे उचलत म्हणाला, "सकाळी मी एकटाच याच दांड्यावर पार मनीषनगरपर्यंत चालवून आलो वं."

हातोडा फेकला आणि त्याच्या दंडावर बुक्क्या मारत सुटले. रडत होते, ते नंतर कळलं. त्याने हात धरला नाही, मारू दिलं.