सीलबंद फौज

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी नियमित. घरात शांतता आहे, तिचा उपयोग करायला हवा. ही बहिणीकडे गेली आहे, चार दिवसांसाठी. जाताना तीन बॅगा नेल्या. बायकांना चार दिवसांनाही सामान लागतं.

आजची फौज २१४. सगळे बारा इंची सैनिक, सगळे मूळ खोक्यात, एकाचंही सील तुटलेलं नाही. लोक खेळणी म्हणतात. मी त्यांच्या नादी लागत नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी ७

चार दिवस झाले. पाचवा चालू असेल.

हिने जाताना लग्नाच्या वाढदिवसाची भेट दिली होती, ती आज नीट पाहिली. स्कीवाला सैनिक. पांढरा कोट, दोन स्की. माझ्याकडे नव्हताच. पंचवीस वर्षांत हिने पहिल्यांदा माझ्या छंदाला हातभार लावला. म्हणजे विरोध मावळला. कपाटाच्या माथ्यावर मानाची जागा दिली. क्रमांक २१५.

९ फेब्रुवारी

हिचा फोन. विचारलं, सैनिक उघडून पाहिलात का. म्हटलं, वेड लागलंय का मला? उघडलं की संपलं. ती म्हणाली, ठेवते. माझ्या संयमाचं कौतुक वाटलं असावं. कधी येतेस, हे विचारायचं राहून गेलं.

संकल्प : ही येण्याआधी पलंगावरची, तिच्या बाजूची चाळीस खोकी हलवणे. दोन वर्षं ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. तिच्या पाठीला सोफा मानवला आहे, तरी एक आपलं बरं दिसावं म्हणून.

१५ फेब्रुवारी

खोकी हलवली नाहीत. हवा दमट आहे. पुठ्ठा नरम पडतो. उगाच घाई नको.

मेव्हणीचा फोन. हिच्या ऑफिसने दुसऱ्या शहरात बढती देऊ केली आहे म्हणे. महिनाअखेर कळवायचं आहे. भावोजी, तिच्याशी काहीतरी बोला, म्हणाली. म्हटलं, बोलतो की. परवाच सैनिकाबद्दल बोललो. यावर मेव्हणी म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

आज कंपनीत पॅकिंग विभागात कडक तपासणी केली. सील सुटलेली औषधांची सहा खोकी परत पाठवली. साहेब म्हणाले, नजर आहे तुमची. घरी असं कोणी म्हणत नाही. घरी कोणी नाही, ते वेगळं.

हिचा पुन्हा फोन. पुन्हा तेच, उघडलंत का. हल्ली तिला फारच रस आहे. छंद संसर्गजन्य असतो.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

दुर्घटना. स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. कोपर लागलं आणि स्कीवाला खाली. खोकं तळाशी उघडलं. एक स्की थेट सोफ्याखाली.

तळाचं सील आधीच कापून साध्या टेपने चिकटवलेलं होतं. अठरा दिवस ते माझ्या डोक्यावर होतं आणि मला दिसलं नाही, याची फार लाज वाटली.

आत चिठ्ठी. हिचं अक्षर. हे वाचताय म्हणजे माझ्यासाठी एक खोकं उघडलंत. एवढंच हवं होतं. फोन करा, मी येते. बढती नको म्हणून कळवते.

दोनदा वाचली. बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

२४ फेब्रुवारी, ७.१०

फोन केला. चिठ्ठी मिळाली म्हटल्यावर ती रडायलाच लागली. खरंच उघडलंत, असं तीन वेळा विचारलं. संसार विश्वासावर चालतो. तिचा माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून खरं ते सांगितलं. मी उघडलं नाही, पडून उघडलं. तू दिलेली वस्तू मी जन्मात उघडली नसती.

रडणं लगेच थांबलं. बरं, म्हणाली.

समजूत पटली. आता येईल.

२८ फेब्रुवारी

आली नाही. फोन लागत नाही. आवराआवरीत असेल. पलंगावरची पाच खोकी हलवली. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून परत ठेवली. चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात सील केली. शाई उडायला नको.

६ मार्च

मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, टेम्पो घेऊन आला. ही नव्या शहरात रुजू झाली. तिचं सामान न्यायचं आहे, म्हणाला. मी या म्हटलं, चहा विचारला.

तो तिच्या साड्या आणि कप एकाच गोणीत कोंबायला लागला. मला बघवेना. म्हटलं, बाजूला व्हा. कपांना कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, दोन टेप आडव्या, एक उभी. अकरा खोकी, चार तास. वरून हलवून पाहिली, आत काही वाजत नव्हतं. मेव्हणा म्हणाला, भावोजी, तुम्हाला काहीच बोलायचं नाही का. म्हटलं, वर वजन ठेवू नका.

टेम्पो गेल्यावर जेवलो नाही. भूक नव्हती.

९ मार्च, दुपारी १

हिचा फोन. खोकी पोचली. एक कपसुद्धा फुटला नाही, म्हणाली. टेप सोडवताना बोटं दुखली, म्हणाली. म्हटलं, तसंच करावं लागतं. मग तिने विचारलं, बाकी काय.

मी घरभर नजर फिरवली. म्हटलं, बाकी काही नाही.

खरं तेच सांगितलं.